मातीचं विरजण

मारुतीच्या पारावर त्या दिवशी एवढी गर्दी होती की खुद्द मारुती कुणाला दिसत नव्हता, आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवडही नव्हती. सगळ्यांचे डोळे भूषणबाबाच्या मांडीवर पसरलेल्या पांढऱ्या रुमालावर लागले होते.

बाबा जीपमधून आले होते. अंगात भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि जिथं दोन्ही कमी पडेल तिथं इंग्रजी. तुम्ही पेपर वाचता तशी मी माती वाचतो, ते सांगत होते. मातीलाही बीपी असतो, मातीलाही टेन्शन येतं, तुमच्या वावरांची एनर्जी डाउन आहे. माणसं माना डोलवत होती. घेवडा पिवळा पडलाय हे बांधावरच्या बकरीलाही कळत होतं, पण एनर्जी डाउन म्हटल्यावर त्या पिवळेपणाला जरा वजन आलं.

जांभुळढव हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या अंगाला असलेलं छोटं गाव. कापूस, ज्वारी, थंडीत हरभरा आणि विहिरीवर थोडा भाजीपाला. यंदा पहिल्यांदाच काही घरांनी घेवडा लावला होता, कारण आदिलाबादच्या बाजारात घेवडा म्हटलं की व्यापारी टोपलीवर हात ठेवतो. बियाण्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं की हे पीक आपलं खत आपणच हवेतून करतं, युरियाचं नाव काढू नका. म्हणून कुणी काढलं नाही. महिन्याभरात सगळ्यांचा घेवडा कावीळ झाल्यासारखा पिवळा. फक्त एका वावरातला हिरवाकंच होता, आणि ते वावर बयनाबाईचं होतं.

बयनाबाई गर्दीच्या मागच्या बाजूला, तोंडावर पदर धरून उभी होती.

बाबांनी आधी तिच्या शेजारच्या सुधाकररावाच्या वावरातलं रोप घेतलं. मुळं पाण्यात धुतली. नुसते धागे. त्यावरून चाकू फिरवला, अंगठ्यानं दाबलं, रुमाल पांढराच राहिला. मग बयनाबाईच्या वावरातलं रोप घेतलं. त्याच्या मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या. बाबांनी मंत्र पुटपुटत एक गाठ चिरली, रुमालावर दाबली आणि रुमाल उचलून धरला.

लाल डाग पडला होता. ओला, रक्तासारखा.

गर्दी ओरडली असती तर बयनाबाईला बरं वाटलं असतं. पुढच्या माणसांनी फक्त एक पाऊल मागं घेतलं, आणि ते पाऊल मागंमागं येत तिच्यापर्यंत पोचलं.

"हे झाडाचं पाणी नाही," बाबा हळू आवाजात म्हणाले. "हे तुमच्या पिकाचं रक्त आहे. इकडचं शोषून तिकडं नेलेलं. याला भानामती म्हणतात. वावर कुणाचं ते मला सांगू नका. पेरताना त्यात परकी माती कुणी टाकली, तेवढं तुमचं तुम्ही आठवा."

बाबांना परक्या मातीची गोष्ट जीपमध्ये कुणी सांगितली, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. सगळ्या माना हळूहळू वळल्या. माती कुणी टाकली ते बयनाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिची सून रंजीता पैनगंगेच्या पल्याडची. माहेरी माळीकाम, दर थंडीत घेवडा. पेरणीआधी ती माहेरी गेली आणि येताना ओल्या फडक्यात माती बांधून घेऊन आली. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून गाठोडं रांजणाच्या आडोशाला ठेवलं. पेरताना बियाण्यामागं ती माती चिमटीचिमटीनं सोडत गेली. हे काय, असं विचारलं तर हसून म्हणाली, "घेवड्याचं विरजण हाये, मामीजी. नव्या रानात घेवडा लावायचा त जुन्या रानातली माती लागते. आमच्याकडं सगळेच करतात."

बायका हसल्या होत्या. दुधाला विरजण ऐकलं होतं, वावराला विरजण कुणी ऐकलं?

उरलेली माती रंजीतानं टोपल्यात भरली आणि सुधाकररावाच्या घरी द्यायला निघाली. त्यांची बायको रुख्मिणी दुसऱ्या दिवशी पेरणार होती. पण उंबऱ्याशीच बयनाबाईनं तिला अडवलं होतं. दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत, घरचं दुभतं जातं. हे तिला सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. तूच त विरजण म्हणते न, मंग सकाळी दे, ती म्हणाली होती. सकाळी रंजीता गेली तेव्हा रुख्मिणीची पेरणी उजाडतानाच उरकून गेली होती. टोपलं तसंच परत आलं.

पारावर बाबा आता उपाय सांगत होते. मंत्र माणसाच्या दातांवर बसतो. पुढचे दात निघाले की मंत्र लुळा पडतो. बाकी माती टाकणाऱ्या बाईला काहीही करायचं नाही, आपण काही राक्षस नाही. दातांच्या डॉक्टरकडची वेळ द्यावी तशी त्यांनी शनिवारची वेळ दिली. तोवर ती गावाबाहेर गेली तर समजा तिनं कबुली दिली. मग त्यांनी लाल फडक्यात बांधलेल्या भस्माच्या पुड्या वाटल्या. भस्म गूळपाण्यात कालवायचं, पाणी गार हवं. पुढच्या पेरणीला बियाण्याला चोळायचं, बियाणं सावलीत सुकवायचं. पुडी उन्हात ठेवायची नाही, उन्हानं भस्म मरतं.

बयनाबाई तडक घरी आली.

रंजीता चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. बोअरवर पाणी भरायला गेली तेव्हा बायकांनी आपापल्या पाण्याच्या गुंड्या बाजूला ओढल्या, एवढं तिनं सांगितलं आणि पुन्हा भाकरीकडं बघू लागली. तिचा नवरा प्रवीण भाजीचा ऑटो चालवायचा. तो दारात उभा राहून म्हणत होता की आताच्या आता निघू, उटनूरकडनं जाऊ, कुणाला दिसणार नाही. बयनाबाईनं त्याला शनिवारची अट सांगितली. तो तिथंच खाली बसला.

जेवताना रंजीतानं दह्याची वाटी पुढं केली आणि बयनाबाईचा हात आखडला. क्षणभरच, पण रंजीतानं ते पाहिलं. वाटी मागं घेतली.

खरं सांगायचं तर बयनाबाईला दोन भीती होत्या, आणि दोन्ही एकाच जागी बसल्या होत्या. एक सुनेची भीती. मुळातून निघालेलं रगत तिनं पाहिलं होतं, ते काही बाबांनी खिशातून काढलेलं नव्हतं; तिच्याच वावरातलं झाड, तिच्याच डोळ्यांपुढं. आणि दुसरी, सुनेसाठीची भीती. ती लहान होती तेव्हा तिच्या माहेरच्या गावात गयाबाई नावाची एक बाई होती. पुढचे दात नव्हते. बोलताना नेहमी तोंडावर हात धरायची, आणि भाकरी पाण्यात भिजवून खायची. पोरं तिला चिडवायची, बयनाही चिडवायची. दात कसे गेले, असं एकदा तिनं आईला विचारलं तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. आज पारावर बाबा बोलत असताना इतक्या वर्षांनी तिला तो हात पुन्हा तोंडावर जाणवला.

भाकरी चावताना रंजीताचे दात दिसत होते. पांढरे, एकसारखे. बयनाबाईला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, वावरात जाऊन आपलं एक झाड मुळासकट उपटलं, सुधाकररावाच्या बांधावरून त्याचं एक उपटलं, दोन्ही ओल्या पोत्यात गुंडाळली आणि बाजारहत्नूरला कृषी अधिकाऱ्यांकडं गेली. तिथं मीनल म्हणून एक तरुण अधिकारी होती. आदिलाबादच्या भाजी व्यापाऱ्याची पोर, ऑफिसात तेलुगू बोलायची आणि आपली माणसं दिसली की मराठी. गावात दोनदा येऊन गेली होती, म्हणून बयनाबाईला तिचा चेहरा माहीत होता.

माझी सून भानामती करते का, हे विचारायला बयनाबाईची जीभ वळेना. तिनं झाडं टेबलावर ठेवली. "म्याडम, याले रगत काऊन येते, तेवढं सांगा."

मीनलनं गाठ नखानं फोडली. बोट लाल झालं. तिनं ते निवांत रुमालाला पुसलं, आणि तिच्या त्या निवांतपणानंच बयनाबाईच्या छातीतला दगड थोडा हलला.

"घरी दही लावता न, काकू?" मीनल म्हणाली. "विरजणात काय असतं? डोळ्यांना न दिसणारे जीव. मातीतही असेच असतात. हे त्यांचं घर आहे."

मग तिनं समजावलं. घेवड्याचं मूळ मातीत एक वास सोडतं, हाक मारावी तसा. ती हाक ऐकायची ताकद त्या जीवाच्या जनुकांत असते. जनुक म्हणजे आईबापाकडनं अंगात उतरलेली शिकवण. कोंबडीच्या पिलाला दाणा टिपायला कुणी शिकवत नाही, तशी. हाक ऐकली की तो जीव उलट हाक देतो, मूळ त्याला आत घेतं आणि राहायला गाठ बांधून देतं. आत बसून तो हवेतला नत्रवायू पकडतो, त्याचं खत करतो आणि झाडाला देतो. झाड त्याला साखर देतं. पण त्याचं हे कारखान्यासारखं काम उघड्या हवेत बिघडतं, आत प्राणवायू बेताचाच लागतो. तो मोजून आत सोडायला गाठीत एक लाल पदार्थ तयार होतो. आपल्या रक्तातल्या लाल पदार्थाचा तो लांबचा भाऊबंद. गाठ लाल म्हणजे आत काम चाललंय, बस्स.

"मंग सुधाकररावाच्या झाडाले काऊन नाई?"

"त्यांच्या मातीत घेवड्याची हाक ऐकणारे नाहीतच. तुमच्या गावात घेवडा आधी कधी झाला नाही, तर ते येतील कुठून? हरभऱ्याचे आहेत, पण त्यांना फक्त हरभऱ्याची हाक कळते. दुकानदारानं अर्धंच खरं सांगितलं. पीक खत करतं, पण सोबती असेल तर. तुमच्या सुनेनं सोबती माहेराहून आणले."

दिवेलागणीला उंबऱ्यावरून परतवलेलं टोपलं बयनाबाईला दिसत होतं. ते रुख्मिणीकडं पोचलं असतं तर तिचं वावरही हिरवं असतं, आणि मग बाबांना कापायला पिवळं झाड त्या वावरात मिळालं नसतं.

जाता जाता तिनं भस्माचं सांगितलं. गूळपाण्यात कालवायचं, म्हणाली. मीनल म्हणाली, पाणी गार हवं. बयनाबाई म्हणाली, बियाण्याला चोळून. मीनल म्हणाली, सावलीत सुकवायचं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मीनलनं कपाट उघडून काळ्या भुकटीचं एक पाकीट काढलं. जिवाणू खत. तेच विरजण, कोळशाच्या भुकटीत भरलेलं, दुकानात मिळणारं.

म्हणजे बाबांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. यंदा बाईचे दात पाडायचे, पुढच्या हंगामात पाकिटातली भुकटी भस्म म्हणून चोळायला लावायची. पीक हिरवं होणारच होतं, आणि गाव म्हणणार होतं की दात पाडले म्हणून झालं. मग बाबांची जीप पुढच्या गावाला, तिथल्या कुणाच्या तरी सुनेकडं. बयनाबाईला आता बाबाची पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटू लागली. येडा माणूस दात पाडतो म्हटलं तर समजूत घालता येते. याला सगळं माहीत होतं.

मीनल म्हणाली, मी ठाण्यात फोन करते आणि शनिवारी येतेही. पण मी सरकारी बाई, माझं कोण ऐकणार? तुम्ही विचारा. आणि मग तिनं एक साधा प्रश्न केला: तुमच्या गावात हरभरा सगळ्यात चांगला कुणाचा आहे?

बयनाबाईनं उत्तर दिलं, आणि देता देताच तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय करायचं आहे.

शनिवारी पारावर पुन्हा तीच गर्दी. रंजीताला बायकांनी मध्ये आणून बसवलं होतं. तिनं पदर तोंडात धरला होता. प्रवीणला दोघांनी दंडाला धरून बाजूला उभं केलं होतं; दोघेही त्याच्याच ऑटोतून रोज बाजाराला जाणारे. ठाण्याची जीप अजून आली नव्हती. बाबांच्या पुढ्यात पितळी ताट, ताटात लाल फडकं, आणि फडक्यातून पकडीची दांडी बाहेर आलेली. सायकलच्या दुकानात असते तशी साधी पकड. तिला कुंकू लावलं होतं.

मीनलनं मागून बयनाबाईच्या पाठीला हात दिला. गर्दीतून वाट काढत बयनाबाई सुधाकररावापुढं जाऊन उभी राहिली. तिचे मालक चंपतराव गेले तेव्हा याच माणसानं खांदा दिला होता.

"भाऊजी, माझं ऐकून घ्या. मंग काय करायचं ते करा. मारुतीच्या इनामी वावरात हरभरा कोणाचा हाये?"

"म्या पेरला, वहिनी. यंदा वहिवाट माह्याकडंच हाये. तुमाले ठाऊक हाये न."

"परकी माती टाकली?"

"नाई बा."

"एक झाड उपटून आणा. तुमच्या हातानं."

बाबा म्हणाले, देवाच्या वावराला असा हात लावत नसतात, दोष लागतो. पण मारुतीचं वावर पाराच्या मागंच होतं, आणि दोष लागेल म्हटल्यावर पारावरची दोन म्हातारी माणसं उलट चिडली. देवाच्या वावरातला हरभरा गाव पिढ्यान्‌पिढ्या उपटत आलंय, आजच दोष कुठून आला? सुधाकरराव गेला आणि झाड घेऊन आला. मुळांवरची माती झटकली. गाठी होत्या. बयनाबाईनं बाबांच्याच पुढ्यातला पांढरा रुमाल ओढून घेतला.

"चाकू लावा, बाबा."

बाबांनी चाकू उचलला नाही. म्हणाले, आत्ता मुहूर्त नाही. म्हणाले, हरभरा वेगळा, घेवडा वेगळा. ते खरंच होतं, पण त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थानं नव्हे. शेवटी सुधाकररावानंच नखानं गाठ फोडली आणि रुमालावर दाबली.

लाल.

त्यानं दुसरी फोडली, तिसरी फोडली. त्याच्या बोटांना लाल लागलं, आणि तो आपल्या बोटांकडं असा बघत राहिला की जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

बयनाबाईनं ताटातल्या पकडीकडं बोट केलं. "गावाचं रगत शोषून देवानं आपल्या वावरात नेलं म्हणा मंग. धरा ती पकड, भाऊजी. मारुतीचे दात पाडा."

मग गर्दीत कुठंतरी एक बाई फुसकन हसली आणि लगेच रडायला लागली. ती रुख्मिणी होती.

बाबा उठू लागले. बयनाबाई त्यांच्याकडं वळली. "अजून एक सांगून जा, महाराज. भस्म त आगीतून निघते न? आगीत जे मेलं नाई, त्याले उन्हाचं भ्या काऊन?"

बाबांनी हिंदीत सुरुवात केली, मराठीत आले, इंग्रजीत अडले आणि जीपकडं निघाले. मीनलनं एक लाल पुडी सोडली, शेजारी आपलं पाकीट फोडलं आणि दोन्ही भुकट्या लोकांच्या तळहातांवर दिल्या. वास घ्या, म्हणाली, चोळून बघा. तळहातावरून तळहातावर काळी भुकटी फिरत गेली. मग तिनं पारावर उभं राहून सगळं सांगितलं. हाक, सोबती, गाठ, लाल रंग. सगळ्यांना सगळं कळलं असेल असं नाही. पण हरभरा प्रत्येकाच्या वावरात होता. माणसं एकेक करून पारावरून उतरली, आपापल्या बांधाकडं गेली आणि आपापलं झाड उपटून फोडून बघू लागली. त्या दुपारी जांभुळढवमध्ये सगळ्यांचीच बोटं लाल होती.

बाबांची जीप निघाली नाही, कारण प्रवीणचे दंड सोडल्याबरोबर त्यानं आपला ऑटो तिच्यापुढं आडवा लावला होता. ठाण्याची माणसं आली तेव्हा काळा चष्मा घालून बाबा आत बसून होते. पकड पारावरच राहिली. कुणीही ती उचलीना, शेवटी बयनाबाईनं उचलली आणि पुराव्याला म्हणून हवालदाराच्या हातात दिली. ती इतकी हलकी होती, याचंच तिला मागाहून कितीतरी दिवस भ्या वाटत राहिलं.

मीनलनं सांगितलं की यंदाच्या पिकाला बेतानं युरिया द्या, निघेल. पुढच्या वेळी पाकिटातलं ताजं विरजण वापरा, माती आणली तर तिच्याबरोबर रोगही येतो कधीकधी. पण रुख्मिणीला तेवढा धीर नव्हता. तिला एक तुकडा नव्यानं पेरायचा होता. ती रविवारी बयनाबाईच्या दारात आली तेव्हा नुकते दिवे लागले होते. हातात रिकामं टोपलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, सकाळी येऊ का?

बयनाबाईनं रंजीताकडं पाहिलं. कालपासून पोरगी तोंडावर पदर धरूनच बोलत होती.

"आताच घेऊन जाय," बयनाबाई म्हणाली. तिनं कंदील घेतला, टोपलं घेतलं आणि दोघींना घेऊन वावरात गेली. घेवड्याच्या मुळाशी स्वतः बसून तिनं मूठमूठ माती टोपल्यात भरली. घरी आल्यावर दह्याची वाटी मागून घेतली आणि रंजीतासमोर बसून चाटूनपुसून खाल्ली. मग सांगितलं की उद्या सकाळी गाय आटली त मले सांग, मी रुख्मिणीकडून दूध आणते.

रंजीता हसली. पदर खाली आला, आणि तिचे सगळे दात दिसले.

सकाळी गायीनं नेहमीएवढंच दूध दिलं.

बाईच्या तोंडात पकड घालण्याआधी एक झाड उपटून बघायला किती वेळ लागतो? पारापासून मारुतीच्या वावरापर्यंत जाऊन येण्याएवढा. एवढाच वेळ द्या. भीती वाटते, ती वाटू द्या. बयनाबाईलाही वाटत होती. पण कुणी तुम्हाला लाल रुमाल दाखवला, तर पाऊल मागं घेऊ नका. पुढं व्हा, आणि म्हणा, आता हेच माझ्या वावरात करून दाखवा.